भांड्याची उंची ओळखून आपोआप पाणी भरणारा डिस्पेन्सर, नवीन लोकांसाठी पहिल्यापासून

ग्लास ठेवला की पाणी सुरू, भरत आला की बंद, नळ पिळायचा नाही की बटण दाबायचं नाही, असं मशीन घरी बनवायला बरेच जण घेतात आणि बहुतेकांची गाडी एकाच जागी अडते. इंटरनेटवर जे सोपे प्रोजेक्ट मिळतात त्यात एक सेन्सर असतो, तो ग्लास आलाय एवढंच ओळखतो आणि पंप ठराविक सेकंद चालवून बंद करतो. म्हणजे तुमचा रोजचा स्टीलचा ग्लास बरोबर भरतो, पण पाहुण्याने फुलपात्र ठेवलं की पाणी ओट्यावर, आणि तांब्या ठेवला की अर्धाच. मग लोक म्हणतात उंची मोजू आणि उंचीप्रमाणे सेकंद ठरवू. तेही चालत नाही, कारण १२ सेंमी उंचीच्या उभ्या ग्लासात आणि तेवढ्याच उंचीच्या पोट सुटलेल्या तांब्यात मावणारं पाणी वेगळं असतं. उंचीवरून थांबायचं कुठे ते कळतं, आत्ता थांबायचं का ते पाण्याची चढती पातळी बघूनच कळतं. या दोन गोष्टी वेगवेगळ्या सेन्सरनी मोजायच्या, हे एकदा डोक्यात बसलं की बाकी काम सोपं आहे. बाजारात तयार मिळतं त्यातही हेच तत्त्व आहे, जीई कंपनीच्या काही फ्रिजमध्ये हँड्स-फ्री ऑटोफिल म्हणून सोय असते, ती भांडं ओळखते आणि भरताना पातळीवर लक्ष ठेवून स्वतः थांबते.

हे का बनवायचं असाही प्रश्न येतो, तर माझ्या मते याचा खरा उपयोग हौशीपेक्षा जास्त आहे. ज्यांचे हात थरथरतात अशी घरातली मोठी माणसं, ज्यांना दिसत नाही आणि ग्लास भरला का हे बोट बुडवून बघावं लागतं ती माणसं, दवाखान्याची वेटिंग रूम, सोसायटीचं क्लबहाऊस, उन्हाळ्यातली पाणपोई, आषाढी वारीच्या पालख्या पुण्यात मुक्कामाला येतात तेव्हा वारकऱ्यांना पाणी द्यायचे स्टॉल. सगळीकडे एकच नळ शेकडो हात पिळत असतात, आणि भरून वाहणारं पाणी खाली जातं. म्हणून नीट बनवा, उगाच टेबलावर दाखवायला नको.

पहिलं काम, सामान घ्यायच्या आधी

घरात कोणकोणती भांडी खाली येणार आहेत ती सगळी एका ओळीत मांडा आणि पट्टीने उंची आणि तोंडाची रुंदी लिहून काढा. हे कंटाळवाणं वाटतं पण सगळा आराखडा यावर ठरतो. साधारण ७ सेंमी किंवा त्याहून रुंद तोंडाची भांडी या पद्धतीने छान भरतात. त्यापेक्षा अरुंद तोंड, म्हणजे पाण्याची बाटली, यात वरच्या सेन्सरला आतलं पाणी दिसत नाही, त्याला बाटलीचा खांदाच दिसतो. त्यामुळे पहिल्या मशीनमध्ये बाटलीचा नाद सोडा, तिचं काय करायचं ते शेवटी सांगतो.

दुसरं, पाणी कुठून येणार. नवीन माणसाने थेट नळाच्या लाईनला हात घालू नये असं माझं स्पष्ट मत आहे, कारण लाईनवर काही चुकलं तर टाकी रिकामी होईपर्यंत पाणी वाहत राहतं. झाकणाचा १०-१५ लिटरचा डबा किंवा २० लिटरचा जार घ्या, त्यात छोटा पंप सोडा, जास्तीत जास्त सांडलं तर तेवढंच सांडेल. १२ व्होल्टचा सोलेनॉइड व्हॉल्व्ह, म्हणजे विजेवर उघडणारी झडप, लावून जार वर ठेवला की पंप लागणार नाही असं काहींना वाटतं. पण अर्धा इंची स्वस्त व्हॉल्व्हपैकी बरेच ०.०२ मेगापास्कल दाबाच्या खाली नीट उघडतच नाहीत, तेवढा दाब मिळायला पाण्याची पातळी व्हॉल्व्हच्या २ मीटर वर पाहिजे. टेबलावरच्या जारने तो दाब येत नाही आणि पाणी नुसतं ठिबकतं. पंपच घ्या.

सामान

पुण्यात असाल तर सरळ बुधवार पेठेतली तपकीर गल्ली. गाडी नेऊ नका, पार्किंग शोधण्यात जीव जातो, मंडई मेट्रो स्टेशनला उतरून चालत जा. यादी मोबाईलवर नको, कागदावर न्या आणि काउंटरवर कागदच पुढे करा, गर्दीत काम लवकर होतं.

कागदावर हे लिहा: आर्डुइनो ऊनो बोर्ड एक (कोड टाकून चालवायचा छोटा कंट्रोलर), एचसी-एसआर०४ अल्ट्रासॉनिक सेन्सर पाच (चार लागतात, एक जास्तीचा), ५ व्होल्टचं एक चॅनेलचं रिले मॉड्यूल (बोर्डच्या इशाऱ्यावर चालू-बंद होणारा स्विच), ३ ते ६ व्होल्टचा छोटा सबमर्सिबल पंप, १एन४००७ डायोड दोन-चार, १०० नॅनोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर, ब्रेडबोर्ड, जंपर वायरी, एक लाल आणि एक हिरवा एलईडी, २२० ओहमचे रेझिस्टर, आणि एक छोटा फ्लोट स्विच (डब्यातलं पाणी कमी झालं की कळवणारा तरंगता स्विच). पंपाला वेगळी पॉवर लागते, त्याला जुना ५ व्होल्टचा मोबाईल चार्जर चालतो.

बोर्ड ओरिजिनल घ्यायची गरज नाही, क्लोन चालतो, फक्त क्लोनवर बहुतेक वेळा सीएच३४० नावाची चिप असते आणि त्याचा ड्रायव्हर कॉम्प्युटरवर टाकावा लागू शकतो, नाहीतर पोर्टच दिसत नाही आणि माणूस बोर्ड खराब म्हणून परत करायला धावतो. ऊनोऐवजी ईएसपी३२ हा बोर्ड घेणार असाल तर त्याच्या पिना ३.३ व्होल्टच्या आहेत, सेन्सरची एको पिन ५ व्होल्ट देते, मध्ये दोन रेझिस्टर लावून व्होल्टेज कमी करावं लागतं. पहिल्यांदा करताय तर ऊनोच बरा.

वॉटरप्रूफ सेन्सर म्हणून दुकानदार जेएसएन-एसआर०४टी दाखवेल. पाण्याचं काम आहे म्हटल्यावर तोच घ्यावासा वाटतो, पण त्याचा आंधळा पट्टा २०-२५ सेंमीचा आहे, तेवढ्या जवळचं त्याला दिसत नाही. आपलं सगळं काम ३० सेंमीच्या आत आहे, त्यामुळे तो नको. व्हीएल५३एल०एक्स हा लेझरवाला सेन्सर पण मोहात पाडतो, छोटा आहे, अचूक आहे, पण तो प्रकाशावर चालतो. काचेचा ग्लास आणि स्वच्छ पाणी दोन्हीतून प्रकाश आरपार जातो, मग रीडिंग पाण्याचं की तळाचं हे ठरवता येत नाही. आवाजाला काच आणि पाणी दोन्ही भिंतीसारखे टणक लागतात, म्हणून या कामाला अल्ट्रासॉनिकच.

नळी फूडग्रेड सिलिकॉनची घ्या. ती इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळेलच असं नाही, रविवार पेठेतल्या बोहरी आळीत किंवा आरओ फिल्टरचे पार्ट विकणाऱ्यांकडे बघा.

सेन्सर कसा बघतो हे आधी समजून घ्या

एचसी-एसआर०४ ला चार पिना असतात, व्हीसीसी, ट्रिग, एको, ग्राउंड. ट्रिगला १० मायक्रोसेकंदांचा पल्स दिला की तो ४० किलोहर्ट्झच्या, म्हणजे आपल्याला ऐकू न येणाऱ्या, आवाजाचा एक झटका सोडतो. आवाज समोरच्या वस्तूवर आपटून परत येईपर्यंत जेवढा वेळ लागला तेवढा वेळ एको पिन हाय राहते. २० अंश तापमानाला आवाज सेकंदाला ३४३ मीटर जातो, जाणं-येणं धरून १ सेंमीला साधारण ५८ मायक्रोसेकंद पडतात. म्हणजे ३० सेंमीवर काही असेल तर १७५० च्या आसपास आकडा येतो, त्याला ५८ ने भागा, झालं अंतर. रेंज २ सेंमी ते ४ मीटर लिहिलेली असते, आपण ४ सेंमीच्या आत काहीही येऊ द्यायचं नाही असं धरून चालू.

आता मुख्य गोष्ट. हा सेन्सर वर लावून खाली बघायला लावला तर ग्लासची उंची कळेल असं वाटतं ना, तर करून बघा. पाट, म्हणजे भांडं ठेवायची खालची फळी, आणि सेन्सर यात ३० सेंमी ठेवा, खाली १२ सेंमी उंच, ७ सेंमी तोंडाचा स्टीलचा रिकामा ग्लास ठेवा. ग्लासचा काठ सेन्सरपासून १८ सेंमीवर आहे, तर १८ यायला पाहिजे. येतं काय, कधी १८, कधी २९ आणि बऱ्याचदा २९च. कारण आवाजाचा झोत १५ अंशांचा आहे, १८ सेंमी खाली पोचेपर्यंत तो जेमतेम ५ सेंमी रुंद झालेला असतो, म्हणजे ७ सेंमीच्या तोंडातून सरळ आत शिरतो आणि तळावर आपटून येतो. काठ पातळ पत्र्याचा, त्यावरून परत येणारा आवाज इतका थोडा की कधी लागतो कधी नाही. वरच्या सेन्सरच्या दृष्टीने रिकामा ग्लास जवळजवळ अस्तित्वातच नाही! पण हाच दोष आपल्या दुसऱ्या कामाला गुण ठरतो, कारण झोत आत शिरतो म्हणूनच आतल्या पाण्याची पातळी त्याला स्वच्छ दिसते.

म्हणून वाटणी अशी: वरचा एक सेन्सर पाण्याची पातळी बघणार, मागे उभ्या पट्टीवर एकाखाली एक लावलेले तीन सेन्सर भांड्याची उंची बघणार.

सांगाडा

प्लायवूड, ॲक्रिलिक, पीव्हीसी पाईप, काहीही चालेल, पण ते हलता कामा नये. पाट, मागे उभी फळी, वर छज्जा, एवढाच आकार. छज्ज्याखाली वरचा सेन्सर, पाटापासून बरोबर ३० सेंमीवर. मागच्या फळीला ८, १२ आणि १६ सेंमी उंचीवर भोकं पाडून तीन सेन्सर आडवे बसवा, म्हणजे सेन्सरवरचे दोन्ही गोल डोळे एका पातळीत येतील. आडवेच का, तर उभा लावला तर एक डोळा वर एक खाली, आणि नेमक्या कुठल्या उंचीला बघतोय ते ठरत नाही.

पाटावर मागच्या बाजूला उथळ व्ही आकाराचा दोन सेंमी उंचीचा अडथळा चिकटवा. भांडं त्याला टेकवून ठेवायचं. याने दोन फायदे होतात, भांडं डावी-उजवीकडे आपोआप मध्यावर येतं आणि लहान असो वा मोठं, त्याची मागची बाजू नेहमी जवळजवळ एकाच जागी राहते. मागचे सेन्सर या जागेपासून ५ सेंमी मागे पाहिजेत. पाण्याची तोटी भांड्याच्या मागच्या काठापासून दीड-दोन सेंमी आत पडेल अशी आणि वरचा सेन्सर त्याच्याही दोन सेंमी पुढे. तोटी थोडी मागे कललेली असू द्या, धार आतल्या भिंतीवरून उतरली की शिंतोडे कमी आणि पाण्यावर लाटा कमी, लाटा कमी तर रीडिंग स्थिर. तोटीचं टोक पाटापासून २४ सेंमीच्या आसपास ठेवा, म्हणजे २० सेंमीपर्यंतची भांडी खाली आरामात जातात.

पाट जाळीचा करून खाली ट्रे ठेवा. कितीही चांगलं बनवलं तरी दोन-चार थेंब पडणारच.

मागच्या सेन्सरची खरी उंची काढणं

हा भाग घाईने उरकू नका. १२ सेंमीवर लावलेला सेन्सर बरोबर १२ सेंमीचीच उंची पकडतो असं नाही, झोत पसरतो, त्यामुळे ११ किंवा साडेदहा सेंमीचं भांडंही त्याला दिसू शकतं. म्हणून बोर्डवर आधी फक्त एवढाच कोड टाका की प्रत्येक सेन्सरचं अंतर सिरियल मॉनिटरवर, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या खिडकीत, दिसेल, ९६०० बॉडच्या वेगावर. मग एक सरळ कडांचा ग्लास घ्या, अडथळ्याला टेकवून खालून वर सावकाश उचलत न्या, शेजारी पट्टी उभी धरा, आणि काठ नेमका किती उंचीवर असताना त्या सेन्सरचं रीडिंग १२ सेंमीच्या आत येतं ते लिहून घ्या. स्टील, काच आणि प्लास्टिक तिन्ही वापरून बघा आणि सर्वात कमी आलेली उंची त्या सेन्सरची म्हणून धरा. समजा मधला सेन्सर काठ १०.५ सेंमीवर असतानाच ओळखतोय, तर मधला सेन्सर लागला याचा अर्थ भांडं किमान १०.५ सेंमी आहे, याहून जास्त काही गृहीत धरायचं नाही. पाणी भरायचं त्याच्या २ सेंमी खालीपर्यंत, म्हणजे साडेआठ. भांडं प्रत्यक्षात १३ सेंमी असेल तर थोडं कमी भरेल, चालतं, पिणारा परत ठेवेल, पण सांडणार नाही. जास्त अचूक पाहिजे असेल तर पुढे सेन्सर वाढवून पायऱ्या बारीक करता येतात.

चारही सेन्सर एकदम चालवू नका. एकाचा आवाज दुसरा ऐकतो आणि भलतीच रीडिंग येतात. एक चालवा, ६० मिलिसेकंद थांबा, मग दुसरा.

वायरिंग

ऊनोच्या ० आणि १ नंबरच्या पिना सोडा, त्या यूएसबीच्या कामाच्या आहेत. चार सेन्सरना आठ पिना, एक रिलेला, दोन एलईडीला, एक फ्लोट स्विचला, २ ते १३ मध्ये बरोबर बसतं. सेन्सर आणि रिले बोर्डच्या ५ व्होल्टवर चालतील, पंप मात्र कधीही बोर्डवरून चालवायचा नाही. पिनेला फार तर २० मिलिॲम्पिअर झेपतात, पंप त्याच्या दहापट ओढतो.

पंपाची प्लसची वायर चार्जरकडून रिलेच्या कॉमनला, आणि रिलेच्या एनओ टोकापासून पंपाला. एनओच (एरवी तुटलेलं टोक) घ्या, एनसी (एरवी जोडलेलं टोक) नको, म्हणजे लाईट गेली, वायर निघाली, बोर्ड बंद पडला, काहीही झालं तरी पंप बंदच राहील. पंपाच्या दोन टोकांवर डायोड आडवा जोडा, पांढऱ्या पट्टीची बाजू प्लसकडे, आणि तिथेच कपॅसिटर. हे दोन पार्ट वाचवले तर पंप बंद होताना जो झटका बसतो त्याने बोर्ड मध्येच रिसेट होतो आणि तुम्ही तासन्‌तास कोडमध्ये चूक शोधत बसता.

बाजारातली बहुतेक रिले मॉड्यूल ॲक्टिव्ह लो असतात, म्हणजे पिन लो केली की रिले चालू. त्यामुळे कोडच्या सुरुवातीला आधी पिन हाय लिहा आणि मगच ती आउटपुट करा. उलटं केलंत तर प्रत्येक वेळी प्लग लावल्यावर पंप क्षणभर चालून जातो.

फ्लोट स्विच डब्यात तळापासून थोडा वर. पाणी त्याखाली गेलं की पंप चालवायचा नाही, लाल एलईडी लावायचा. पंप कोरडा चालला की जळतो. पुण्यात बऱ्याचदा गुरुवारी पाणी बंद असतं तेव्हा डबा भरायचा राहून जातो आणि नेमकं तेव्हाच हे होतं, म्हणून हा स्विच ऐच्छिक समजू नका.

कोडचा विचार

इथे कोड देत नाही, क्रम सांगतो, कारण क्रम कळला तर कोड कुणीही लिहील आणि नुसता चिकटवलेला कोड पहिल्या अडचणीला तुम्हाला हात देत नाही.

मशीन पाचपैकी एका अवस्थेत असतं. रिकामं, भांडं आलंय पण खात्री करतोय, भरतोय, झालं, आणि अडचण. रिकामं असताना मागच्या सेन्सरपैकी सर्वात खालचा बघत राहायचा. त्याने १२ सेंमीच्या आत काही दाखवलं की खात्रीच्या अवस्थेत जा आणि दीड सेकंद थांबा, रीडिंग स्थिर असेल तरच पुढे, कारण माणूस भांडं टेकवताना हात हलवत असतो. मग तिन्ही सेन्सर खालून वर तपासा आणि सर्वात वरचा कुठला लागलाय त्यावरून भरायची पातळी एकदाच ठरवा. एकदा ठरवली की भरताना बदलायची नाही, नाहीतर कुणी मध्येच हात पुढे केला की मशीनला भांडं उंच झालं असं वाटेल. शिवाय सुरू करण्याआधी वरच्या सेन्सरवरून बघून घ्या, भांडं आधीच भरलेलं आहे का, असेल तर थेट ‘झालं’.

भरताना प्रत्येक फेरीत वरचा सेन्सर वाचायचा. एका रीडिंगवर विश्वास ठेवू नका, शेवटची पाच घ्या, चढत्या क्रमाने लावा आणि मधलं धरा. सरासरी काढू नका, एक भलतंच रीडिंग सरासरी बिघडवतं, मधलं रीडिंग बिघडत नाही. पाच रीडिंगला साधारण ३०० मिलिसेकंद लागतात, तेवढ्या वेळात किती पाणी जास्त जाईल ही शंका रास्त आहे, तर हिशोब बघा. पंपावर १२० लिटर प्रति तास लिहिलंय म्हणजे सेकंदाला ३३ मिली, ३०० मिलिसेकंदात १० मिली. ७ सेंमी व्यासाच्या ग्लासात १० मिलीने पातळी अडीच मिलिमीटर वाढते. नळीत राहिलेलं पाणी धरलं तरी २ सेंमीची मोकळी जागा भरपूर झाली. प्रत्यक्षात पंपाला पाणी वर चढवायचं असतं त्यामुळे धार याहून कमीच मिळते.

पंप बंद करायची कारणं भरपूर ठेवा: पातळी आली, भांडं उचललं म्हणजे खालच्या सेन्सरला दिसेनासं झालं, फ्लोट स्विच खाली गेला, वरच्या सेन्सरने सलग तीनदा काहीच वाचलं नाही, आणि ठरवलेला जास्तीत जास्त वेळ संपला. हा शेवटचा वेळ तुमचं सर्वात मोठं भांडं भरायला लागतो त्याच्या दीडपट धरा. चालू करायला सगळ्या अटी जुळल्या पाहिजेत, बंद करायला एक पुरे. आणि ‘झालं’ नंतर भांडं उचललं जाईपर्यंत परत भरायचं नाही, नाहीतर कुणी जागेवरच स्ट्रॉने प्यायला लागलं की पंप चालू-बंद, चालू-बंद करत बसतो.

एक खाच सांगतो जी नवीन लोकांच्या लक्षातच येत नाही. एको मोजायचं पल्सइन हे जे फंक्शन आहे ते काही परत आलं नाही तर डिफॉल्टने तब्बल एक सेकंद वाट बघत अडून राहतं. त्या सेकंदात पंप चालूच. म्हणून त्याला तिसरा आकडा द्यायचा, ६००० मायक्रोसेकंद पुरतात, म्हणजे एक मीटरपर्यंतचं दिसेल, त्यापलीकडचं आपल्याला नकोच आहे. याशिवाय चिपमधला वॉचडॉग दोन सेकंदांवर चालू करा, कोड कुठेही लटकला तर बोर्ड स्वतः रिसेट होतो आणि पंप बंद होतो.

उन्हाळा-हिवाळा

आवाजाचा वेग तापमानाप्रमाणे बदलतो, दर अंशाला सुमारे ०.६ मीटर. पुण्यात हिवाळ्यात पहाटे १० अंश आणि एप्रिल-मे महिन्यात दुपारी ४० अंश, म्हणजे वेग ३३७ पासून ३५५ पर्यंत जातो. २० सेंमी अंतर असेल तर थंडीत ते २०.४ दिसेल आणि उन्हाळ्यात १९.३. उन्हाळ्यात पाणी जवळ आल्यासारखं वाटून मशीन थोडं आधी थांबेल, थंडीत तीन-चार मिलिमीटर जास्त भरेल. आपण २ सेंमी सोडलेत त्यात हे सगळं सामावतं, त्यामुळे तापमानाचा वेगळा सेन्सर लावायच्या फंदात पडू नका. गरम पाणी मात्र या मशीनमधून द्यायचं नाही, वाफ वर जाऊन सेन्सरवर जमते आणि रीडिंग बिघडतात.

पहिली पाण्याची चाचणी

मोरीत किंवा बाल्कनीत करा, मशीनखाली मोठी परात ठेवा. आधी पंपाचा प्लग काढून नुसतं रिलेचं क्लिक ऐका, भांड्यात हाताने तांब्याने पाणी ओता आणि पातळी आल्यावर रिले सुटतो, म्हणजे बंद होतो, का बघा. हे दहा-बारा वेळा वेगवेगळ्या भांड्यांवर नीट झालं की मगच पंप लावा.

आता सायफनचं बघा. डब्यातल्या पाण्याची पातळी तोटीच्या टोकापेक्षा वर असेल तर पंप बंद झाल्यावरही नळीतून पाणी आपसूक येत राहतं. रिले सुटला, एलईडी बदलला, सगळं बरोबर आणि तरी पाणी वाहतंय, हे बघून लोक गोंधळतात. उपाय सोपा आहे, डबा पाटाच्या खालच्या पातळीवर ठेवा म्हणजे पाणी नेहमी तोटीच्या खाली राहील. ते जमत नसेल तर नळीच्या सर्वात उंच भागाला, डब्याच्या झाकणाच्या आत येईल अशा जागी, सुईने बारीक भोक पाडा, पंप थांबला की तिथून हवा शिरते आणि सायफन तुटतो. पंप चालू असताना त्या भोकातून उडणारं थोडं पाणी डब्यातच पडतं.

मग एकेक करून मुद्दाम बिघाड करा. भरताना ग्लास ओढून घ्या. भरताना वरच्या सेन्सरखाली हात घाला. वरच्या सेन्सरची एको वायर उपटा. डबा रिकामा करा. प्लग काढून परत लावा. प्रत्येक वेळी पंप थांबलाच पाहिजे, एकदाही चालू राहिला तर मशीन लोकांसमोर ठेवायचं नाही.

वीज आणि स्वच्छता

२३० व्होल्टची कुठलीही वायर या सांगाड्याच्या आत येऊ देऊ नका. चार्जर भिंतीच्या सॉकेटमध्ये, पाण्याच्या पातळीपेक्षा वर, आणि सांगाड्यात फक्त ५ व्होल्ट. ती वायर येताना खाली एक झोळ घेऊन मग वर चढवा, म्हणजे वायरीवरून ओघळणारं पाणी झोळावरून खाली पडतं, प्लगकडे जात नाही. त्या लाईनवर ईएलसीबी किंवा आरसीसीबी (विजेची गळती झाली की लाईन तोडणारा स्विच) आहे का इलेक्ट्रिशियनकडून बघून घ्या. बोर्ड आणि रिले छज्ज्याच्या वर झाकणाच्या डबीत ठेवा, पाटाखाली जागा मोकळी दिसते म्हणून तिथे ठेवायचा मोह होतो, पण पाणी खालीच जातं.

हे मशीन पाणी शुद्ध करत नाही, फक्त भरतं. २०२५ च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रोडच्या भागात गुइलेन-बॅरे या मज्जातंतूंच्या आजाराचे पेशंट वाढले तेव्हा दूषित पाण्याकडे बोट दाखवलं गेलं आणि घराघरात पाणी उकळणं सुरू झालं, ते लक्षात ठेवा. डब्यात उकळून गार केलेलं किंवा फिल्टरचंच पाणी घाला. हे छोटे पंप पिण्याच्या पाण्यासाठी म्हणून बनवलेले नसतात, नव्या पंपातून भरपूर पाणी वाहू देऊन ते फेकून द्या, आणि पाणपोईसारख्या ठिकाणी ठेवणार असाल तर फूडग्रेड लिहिलेलाच पंप घ्या, तिथे काटकसर नको. डबा आणि नळी दर आठवड्याला धुवा, रात्री पाणी काढून टाका. नळी आतून बुळबुळीत लागली तर धुत बसू नका, नळीच बदला.

बाटलीचं राहिलं. त्यासाठी पाटाखाली ५ किलोचा लोडसेल, म्हणजे वजन मोजणारा सेन्सर, आणि त्याचं रीडिंग बोर्डला देणारं एचएक्स७११ मॉड्यूल लावा आणि वजनावर भरा, १ लिटर पाणी म्हणजे १ किलो, हिशोब सरळ आहे. फक्त वजनावरून बाटली केवढी आहे ते मशीनला कळत नाही, त्यामुळे अर्धा लिटर आणि एक लिटर अशी दोन बटणं द्यावी लागतात आणि रिकामी बाटली ठेवल्यावर वजन शून्य धरून मग मोजायला सुरुवात करायची. ऊनोच्या अॅनालॉग पिना ए० ते ए५ अजून मोकळ्या आहेत आणि त्या साध्या डिजिटल पिनांसारख्याच वापरता येतात, त्यामुळे बोर्ड बदलावा लागत नाही. अट एवढीच की ही जोड आधीचं मशीन महिनाभर न सांडता चालल्यावर करा.